नव्या शहरातली मेट्रो आणि बस: नकाशा नंतर, आधी गाडीचं तोंड कुठे ते बघा

नव्या शहरात मेट्रोच्या स्थानकात पहिल्यांदा शिरलेला माणूस भिंतीवरच्या नकाशासमोर हमखास थबकतो. दहा-बारा रंगांच्या रेघा, शेकडो नावं आणि मागून ढकलत जाणारी गर्दी. त्याला वाटतं, हे सगळं डोक्यात बसल्याशिवाय आपलं काही खरं नाही. पण त्या शहरात जन्म काढलेल्यांनाही तो नकाशा पाठ नसतो. न्यूयॉर्कच्या सबवेत ४७२ स्थानकं आहेत. तिथला रोजचा प्रवासी त्यातली कामापुरती ओळखतो आणि त्याचं काही अडत नाही.

त्याला जे कळतं आणि नवख्याला कळत नाही, ते वेगळंच असतं. समोर येणारी गाडी कोणत्या दिशेची? ती आपल्या स्थानकावर थांबणार की तशीच पुढे निघून जाणार? ही हुकली तर पुढची किती वेळाने? आणि तिकिटाचे पैसे नेमके कुठे, कधी कापले जाणार? कुठल्याही शहरात गेलात तरी प्रश्न हेच असतात, उत्तरं तेवढी बदलतात. म्हणून पहिल्या दिवशी नकाशाशी झटापट करण्यापेक्षा ही उत्तरं शोधावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

नकाशा खोटं बोलतो, आणि ते मुद्दाम

मेट्रोचा नकाशा हा खरं तर नकाशा नसतोच. सगळ्यात जुनी भुयारी रेल्वे लंडनची. १० जानेवारी १८६३ रोजी ती वाफेच्या इंजिनांवर सुरू झाली. तिचे सुरुवातीचे नकाशे भूगोलाला धरून होते, म्हणजे रूळ जसे वळतील तशी रेघ वळायची. परिणाम असा की शहराच्या मध्यभागी स्थानकांची नावं एकमेकांवर चढायची आणि उपनगरांकडे कागद नुसता रिकामा राहायचा. भुयारी रेल्वेत आराखडे काढण्याचं काम केलेल्या हॅरी बेकने १९३१ मध्ये सगळी वळणं पुसून टाकली. रेघा फक्त उभ्या, आडव्या किंवा ४५ अंशांत तिरप्या ठेवल्या आणि स्थानकं साधारण सारख्या अंतरावर मांडली. जमिनीखालच्या माणसाला आपण भूगोलात कुठे आहोत याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला गाडी कुठे बदलायची तेवढं हवं असतं, हे त्याने ओळखलं होतं. वरिष्ठांना ही कल्पना आधी फारच धाडसी वाटली. १९३३ मध्ये आराखडा छापला गेला, लोकांनी तो उचलून धरला, आणि आज जगातले बहुतेक मेट्रो-नकाशे त्याच वळणाचे असतात.

याची किंमत म्हणजे नकाशावरचं अंतर खोटं असतं. लंडनमधली लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही शेजारशेजारची स्थानकं एकमेकांपासून जेमतेम २६० मीटरवर आहेत. नवखा माणूस खाली उतरतो, फलाट शोधतो, गाडीची वाट बघतो, एक स्थानक जातो, पुन्हा वर येतो. तेवढ्या वेळात चालणारा केव्हाच पोचलेला असतो. उलटही होतं: कडेच्या भागात दोन ठिपके शेजारी दिसतात आणि मध्ये काही किलोमीटर निघतात. त्यामुळे गाडी कुठे बदलायची ते मेट्रोच्या नकाशावर बघा, आणि किती लांब आहे ते रस्त्यांच्या नकाशावर.

दुसरी खोट आहे ठिपक्यांची. दोन मार्ग मिळतात तिथे नकाशावर एक सुबक गोल असतो. पॅरिसचं शातले स्थानकही तसाच एक गोल आहे. प्रत्यक्षात तिथे एका मार्गावरून दुसऱ्यावर जायचं तर लांबच लांब बोळ आणि जिने पार करावे लागतात. ॲप ‘गाडी बदला, चार मिनिटं’ असं सांगतं तेव्हा ती चार मिनिटं वाट पाठ असलेल्याची असतात. नवख्याने पहिल्या वेळी ती दुप्पट धरावीत, बरोबर सामान असेल तर तिप्पट.

नावांचाही घोळ असतो. लंडनमध्ये एजवेअर रोड नावाची दोन स्वतंत्र स्थानकं आहेत. एकातून दुसऱ्यात जायचं तर बाहेर पडून रस्त्याने चालावं लागतं. याउलट बँक आणि मॉन्युमेंट ही दोन वेगळ्या नावांची स्थानकं आतून जोडलेली आहेत. न्यूयॉर्कमध्ये ‘२३वा रस्ता’ या एकाच नावाची पाच स्थानकं आहेत, पाच वेगवेगळ्या हमरस्त्यांवर. ‘२३व्या रस्त्याच्या स्थानकावर भेटू’ असं कुणी म्हणालं तर ‘कुठल्या गाडीच्या?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे, नाहीतर दोघंही आपापल्या जागी वेळेवर पोचून एकमेकांची वाट बघत बसतील.

गाडीचं तोंड

नवखे लोक चुकीच्या मार्गावर क्वचितच जातात. रंग बघून मार्ग कुणालाही सापडतो. चूक होते ती दिशेची. मार्ग बरोबर, फलाट उलटा, आणि दोन स्थानकं गेल्यावर लक्षात येतं की नावं ओळखीची नाहीत.

दिशा सांगायची प्रत्येक शहराची आपली रीत आहे. पॅरिसमध्ये मार्गाच्या शेवटच्या स्थानकाचं नाव म्हणजेच दिशा. त्यामुळे आपल्याला कुठे उतरायचं एवढं माहीत असून भागत नाही, आपल्या पुढे तो मार्ग कुठे संपतो तेही माहीत असावं लागतं. लंडनमध्ये उत्तरेकडे, दक्षिणेकडे, पूर्वेकडे, पश्चिमेकडे अशा पाट्या असतात. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात ‘अपटाउन’ म्हणजे उत्तरेकडे आणि ‘डाउनटाउन’ म्हणजे दक्षिणेकडे. तिथे एक सापळाही आहे. काही स्थानकांत रस्त्यावरून खाली जाणारा जिना एकाच दिशेच्या फलाटावर उतरतो. चुकीच्या बाजूने आत गेलात तर समोरचा फलाट दिसत असतो, पण तिथे जायला आतून वाटच नसते; बाहेर पडून रस्ता ओलांडून पुन्हा पैसे भरून आत यावं लागतं. जिन्याच्या तोंडाशीच पाटी असते. उतरण्याआधी ती वाचली की झालं.

वर्तुळाकार मार्गांवर ‘शेवटचं स्थानक’ नसतंच, मग दिशा कशी सांगायची? बर्लिनने सरळ दोन क्रमांक दिले: घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारी गाडी एस-४१, उलटी फिरणारी एस-४२. टोकियोच्या यामानोते मार्गावर बाहेरचा फेरा आणि आतला फेरा असं म्हणतात. ३४.५ किलोमीटरचा हा फेरा पुरा व्हायला साधारण तास लागतो. उलट्या गाडीत बसलात तरी कधी ना कधी पोचताच, पण शेजारच्या स्थानकासाठी अख्ख्या शहराला प्रदक्षिणा होते.

भाषा न येणाऱ्यांसाठी काही शहरांनी फार छान सोयी केल्या आहेत. मॉस्कोच्या मेट्रोत शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या गाडीत पुरुषाच्या आवाजात सूचना होतात आणि बाहेर जाणाऱ्या गाडीत स्त्रीच्या. वर्तुळाकार मार्गावर घड्याळाच्या दिशेने पुरुषाचा आवाज, उलट दिशेला स्त्रीचा. एक अक्षर न वाचता, डोळे मिटून कळावं की आपण कुठे चाललोय. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिथे प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्र आहे. वाचता न येणाराही ‘त्या चित्राच्या पुढचं’ असं सांगून पोचू शकतो. टोकियोच्या भुयारी रेल्वेत स्थानकांना अक्षर आणि आकडा दिलेला असतो. गिंझा मार्गावर शिबुया म्हणजे जी-०१, गिंझा जी-०९ आणि असाकुसा जी-१९. शिबुयाला बसून गिंझाला निघालात आणि पुढचं स्थानक जी-०२ आलं, तर आकडे वाढताहेत, म्हणजे बरोबर चाललात. ही युक्ती बाकी शहरांतही चालते: गाडीत बसल्यावर पुढचं पहिलं स्थानक कोणतं आलं पाहिजे ते आधीच बघून ठेवायचं. ते आलं नाही की तिथेच उतरायचं. चूक दोन मिनिटांत पकडली जाते.

दिशा जमली की पुढचा चकवा फाट्यांचा. एकच रंग, एकच नाव, पण मध्येच रेघ दुभंगते. लंडनची नॉर्दर्न लाइन यासाठी बदनाम आहे. समजा तुम्ही कॅम्डन टाउनला दक्षिणेकडच्या फलाटावर उभे आहात आणि तुम्हाला लेस्टर स्क्वेअरला जायचंय. फलकावर दोन ओळी दिसतात. पहिली: मॉर्डन, व्हाया बँक, २ मिनिटं. दुसरी: केनिंग्टन, व्हाया चेरिंग क्रॉस, ५ मिनिटं. दोन्ही गाड्या दक्षिणेकडेच जातात, दोन्ही काळ्या रंगाच्या मार्गाच्या. पण लेस्टर स्क्वेअर फक्त चेरिंग क्रॉसच्या फाट्यावर आहे. पहिली गाडी सोडून तीन मिनिटं थांबायला हवं. फलकावर सर्वांत ठळक असतं ते शेवटच्या स्थानकाचं नाव, आणि इथे निर्णय होतो तो त्याच्या मागच्या ‘व्हाया’ने.

धीमी आणि जलद हाही असाच प्रकार. न्यूयॉर्कच्या सबवेत १९०४ पासूनच मुख्य मार्गांवर चार रूळ आहेत, दोन धीम्या गाड्यांसाठी आणि दोन जलद गाड्यांसाठी. नकाशावर काळा ठिपका म्हणजे फक्त धीमी थांबते, पांढरा ठिपका म्हणजे दोन्ही. जपानमधल्या खासगी रेल्वेंवर तर धीमी, जलद, अतिजलद असे चार-पाच प्रकार एकाच फलाटावरून सुटतात. शंका असेल तेव्हा धीमीत बसावं. ती उशिरा पोचवेल, पण पोचवेल.

दर किती मिनिटांनी?

नवखे लोक मार्ग कुठून कुठे जातो ते बघतात आणि गाडी किती वेळाने येते ते बघतच नाहीत. मला विचाराल तर दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एक साधा हिशेब करू. तुमच्या घराजवळून कामाच्या जागेपर्यंत थेट बस आहे, २५ मिनिटांचा प्रवास, पण ती दर ३० मिनिटांनी येते. दुसरा मार्ग मेट्रोचा: एकदा गाडी बदलावी लागते, दोन्ही मिळून ३० मिनिटं, चालायला ३ मिनिटं, पण दोन्ही गाड्या दर ४ मिनिटांनी. वेळापत्रक न बघता निघालात तर बसची सरासरी १५ मिनिटं वाट बघावी लागते, म्हणजे ४० मिनिटं. मेट्रोची दोनदा २ मिनिटं, म्हणजे ३७. सरासरीत फार फरक नाही. पण नशीब फिरलं की खरा फरक दिसतो: बस डोळ्यांदेखत सुटली तर ५५ मिनिटं, मेट्रो दोन्हीकडे सुटली तरी ४१. दहा मिनिटांच्या आत येणाऱ्या गाडीसाठी घड्याळ बघायची गरज नसते, वीस मिनिटांच्या पुढच्या गाडीसाठी वेळापत्रकाशिवाय घराबाहेर पडू नये. ‘थेट आहे’ या एका शब्दावर भुलून लोक उगाच थांब्यावर ताटकळत राहतात.

बसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कळली की मनस्ताप वाचतो. ‘अर्धा तास एकही नाही आणि मग तीन एकदम’ ही तक्रार जगभर ऐकू येते, आणि लोक चालकांना बोल लावतात. कारण वेगळंच आहे. समजा एक बस सिग्नलला अडकून दोन मिनिटं मागे पडली. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं जमतात. त्यांना चढायला वेळ लागतो, बस आणखी मागे पडते, पुढच्या थांब्यावर आणखी गर्दी. तिच्या मागच्या बसला मात्र थांबे जवळजवळ रिकामे मिळतात, त्यामुळे ती भराभर पुढे येते आणि पहिलीला गाठते. मुद्दाम काही केलं नाही तर सारख्या अंतराने सुटलेल्या बसेस आपोआप घोळक्याने धावू लागतात. गॉर्डन न्यूएल आणि रेन्फ्री पॉट्स या अभ्यासकांनी १९६४ मध्येच हे गणिताने मांडलं होतं. नेहमीचा उपाय म्हणजे पुढे गेलेल्या बसला थांब्यावर मुद्दाम रोखून धरणं. बस भरलेली, चालक नुसता बसलेला, इंजिन चालू, आणि गाडी हलत नाही, असं दिसलं तर बहुधा तेच चाललेलं असतं.

प्रवाशाच्या कामाचा भाग असा: खचाखच भरलेल्या उशिराच्या बसमागे बऱ्याचदा मिनिटा-दोन मिनिटांवर रिकामी बस असते. फलक किंवा ॲप तसं दाखवत असेल तर पहिलीत लोंबकळू नका.

आणि घोळक्यामुळे वाट किती वाढते ते बघा. तासाला सहा बस, म्हणजे कागदावर दर दहा मिनिटांनी एक आणि सरासरी वाट पाच मिनिटं. पण त्या जोडीजोडीने, आधी २ मिनिटांच्या आणि मग १८ मिनिटांच्या अंतराने येत असतील, तर तुम्ही थांब्यावर पोचता ती वेळ दहातल्या नऊ वेळा १८ मिनिटांच्या लांब खिंडीतच पडते. सरासरी वाट ८.२ मिनिटं होते. बससंख्या तीच, वेळापत्रक तेच, तरी ‘मी गेलो की नेमकी बस नसते’ ही भावना खोटी नाही.

ॲप तरी खरं सांगतं का? कधी कधी. २००५ मध्ये गूगलने अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेला बरोबर घेऊन सार्वजनिक वाहतुकीचा मार्ग शोधून देणारी सेवा सुरू केली. त्यातून वेळापत्रकं एका ठरावीक साच्यात देण्याची पद्धत रुजली, तिला जीटीएफएस म्हणतात, आणि आज जगभरच्या संस्था आपली माहिती त्या साच्यात देतात. पण साच्याचे दोन भाग आहेत. एक कागदी वेळापत्रक, दुसरा गाडी या क्षणी कुठे आहे याची ताजी माहिती. दुसरा भाग प्रत्येक संस्था देतेच असं नाही. ॲपमध्ये वेळेशेजारी ताजेपणाची खूण असेल, बहुधा लहरींसारखी किंवा वेगळ्या रंगाची, तर गाडी खरोखर रस्त्यावर आहे. नुसती वेळ लिहिली असेल तर ते वेळापत्रकाचं म्हणणं आहे, गाडीचं नव्हे. आठ मिनिटं, सहा मिनिटं, दोन मिनिटं असं कमी होत जाऊन एकाएकी अदृश्य होणारी बस बहुधा अशी नुसत्या वेळापत्रकातली असते.

पैसे कुठे कापले जातात

भाडं आकारायच्या मुख्य रीती तीन. कितीही लांब जा, एकच भाडं, जसं न्यूयॉर्कच्या सबवेत. शहराची वर्तुळं पाडून, किती वर्तुळं ओलांडली त्यावर, जसं बर्लिनमध्ये. किंवा अंतरावर, जसं सिंगापूर आणि टोकियोत. तुमच्या शहरात यातली कोणती रीत आहे ते कळलं की एक फार मोठा प्रश्न सुटतो: बाहेर पडताना कार्ड टेकवायचं की नाही? एकच भाडं असेल तर गरज नाही. बाकी दोन रीतींत, कार्डाने जाता तिथे बहुतेक वेळा हवंच, कारण तुम्ही कुठे उतरलात ते यंत्राला कळल्याशिवाय भाडं ठरणार कसं? विसरलात तर यंत्र सर्वांत जास्त भाडं कापून मोकळं होतं. गेट असलेल्या स्थानकात विसरता येत नाही, गेट उघडतच नाही. विसर पडतो तो उघड्या स्थानकांत. लंडनच्या डॉकलँड्स लाइट रेल्वेची बरीचशी स्थानकं अशीच आहेत, नुसता एक खांब आणि त्यावर कार्डाचं यंत्र. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये तर बसमधून उतरतानाही कार्ड टेकवावं लागतं, नाहीतर पुढच्या गाडीसाठी मिळणारी सवलत जाते.

बर्लिन, म्युनिक, व्हिएन्ना इथे नवखा माणूस उलट्या कारणाने गोंधळतो. गेटच नाही. सरळ फलाटावर जा, गाडीत बसा. याचा अर्थ प्रवास फुकट आहे असा नव्हे. कागदी तिकिटावर आधीच वेळ छापलेली नसेल तर फलाटावरच्या किंवा तिथे जायच्या वाटेवरच्या छोट्या पेटीच्या फटीत ते घालायचं. खट्ट आवाज होतो आणि त्यावर वेळ आणि ठिकाण छापलं जातं. तिकीट खिशात आहे पण त्यावर शिक्का नाही, तर तपासनिसाच्या लेखी तुम्ही विनातिकीटच. हे तपासनीस बऱ्याचदा साध्या कपड्यांत असतात, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे त्यांनी रोज ऐकलेलं असतं. बर्लिनबद्दल अजून एक: शहरातला सगळा प्रवास ए आणि बी या दोन वर्तुळांत होतो, पण विमानतळ सी वर्तुळात येतो. विमानतळावरून नेहमीच्या ए-बी तिकिटावर निघालेला पाहुणा पहिल्याच प्रवासात दंडाला पात्र ठरतो.

कार्डांचं म्हणाल तर हाँगकाँगचं ऑक्टोपस १९९७ चं, टोकियोचं सुइका २००१ चं, लंडनचं ऑयस्टर २००३ चं. आता बऱ्याच शहरांत बँकेचं कार्ड किंवा फोनच गेटवर टेकवता येतो, मग वेगळं कार्ड घ्यायची गरज उरत नाही. एक काळजी मात्र घ्यायची. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी त्याच कार्डाला जोडलेला फोन टेकवलात तर यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात. आत जाताना एक आणि बाहेर येताना दुसरं वापरलंत तर दोन अर्धवट प्रवास होतात आणि दोन्हीकडे खिशाला चाट. नवरा-बायकोने एकाच कार्डावर मिळून जाणं बहुतेक ठिकाणी चालत नाही, ते याच कारणाने.

पास घ्यावा का? लंडनसारख्या शहरांत दिवसाची आणि आठवड्याची कमाल मर्यादा असते. कापलेले पैसे तिथवर पोचले की पुढचे प्रवास आपोआप फुकट. अशा ठिकाणी नवख्याने दिवसाचा किंवा आठवड्याचा पास घेण्यात फारसा अर्थ नाही. मर्यादा नसेल तिथे आधी काही दिवस सुटं तिकीट काढून आपण खरंच किती फिरतो ते बघावं. पर्यटकांसाठीचे चकचकीत पास मला बहुधा महागच वाटत आले आहेत. त्यांचा खर्च भरून निघायला दिवसभर गाडीतच बसावं लागतं.

एका शहरात एकच संस्था सगळं चालवते हेही गृहीत धरू नका. टोकियोत भुयारी रेल्वेच दोन संस्थांच्या आहेत, टोकियो मेट्रो आणि तोएई, आणि जेआर, म्हणजे जपान रेल्वे, तिसरीच. एकीतून दुसरीत गेलात की भाडं नव्याने सुरू होतं. कार्ड तिन्हींत चालतं म्हणून ते जाणवत नाही इतकंच.

बसला घाबरू नका

मेट्रो जमली की लोक बसकडे बघतच नाहीत. बस खिडकीतून शहर दाखवते, भुयारात मात्र सगळी शहरं सारखीच. घाबरण्यासारखी गोष्ट एकच, थांबा नेमका कोणता. एका चौकात एकाच नावाचे चार-पाच थांबे असतात. लंडनमध्ये प्रत्येक थांब्याच्या डोक्यावर वेगळं अक्षर असतं, ॲपही तेच अक्षर सांगतं. एकेरी वाहतुकीच्या शहरांत जाताना आणि येताना बस वेगवेगळ्या रस्त्यांवरून धावते. मॅनहॅटनमध्ये मॅडिसन ॲव्हेन्यूवरून उत्तरेकडे गेलेल्या काही बस परततात फिफ्थ ॲव्हेन्यूवरून. ‘उतरलो त्याच्यासमोर परतीची बस’ हा साधा तर्क तिथे फसतो.

दार कोणतं, पैसे कधी, हे पुढच्या माणसाकडे बघून कळतं. जपानमधल्या बऱ्याच शहरांत मागून चढून उतरताना पुढे पैसे देतात. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालतच नाहीत. ब्राझीलमधल्या कुरितिबात १९७४ पासून बससाठी राखीव मार्गिका आहेत आणि तिथल्या नळीच्या आकाराच्या थांब्यांवर बस येण्याआधीच भाडं घेतलं जातं, मेट्रोसारखं. आणि उतरायचं असेल तर घंटीचं बटण दाबा. मेट्रोची सवय झालेला माणूस बस आपणहून थांबेल म्हणून बसून राहतो आणि थांबा मागे जातो.

सामान, बाळाची गाडी किंवा चाकाची खुर्ची असेल तर जुन्या मेट्रोपेक्षा बस बरी पडते. पॅरिसच्या मेट्रोत बहुतेक स्थानकांना लिफ्टच नाही. नकाशावर चाकाच्या खुर्चीची खूण आहे का ते बघा, आणि आहे त्या दिवशी लिफ्ट चालू आहे का तेही.

रात्र आणि शनिवार-रविवार

सोमवारी शिकलेलं शहर रविवारी बदललेलं असतं. रूळ दुरुस्त करायला गाड्या थांबवाव्या लागतात, आणि ते काम रात्री किंवा सुट्टीच्या दिवशीच होतं. न्यूयॉर्कची सबवे चोवीस तास चालते, म्हणून तिथे दुरुस्तीसाठी शनिवार-रविवारी गाड्या दुसऱ्या रुळांवर वळवतात. जलद गाडी धीमी होते, एखादी गाडी भलत्याच मार्गाने जाते. खांबांवर चिकटवलेले कागद बघून घ्यावेत, ॲपपेक्षा कधी कधी तेच जास्त खरे असतात. टोकियोत मध्यरात्रीनंतर सगळं बंद होतं ते पहाटे पाचच्या सुमारास उघडतं. लंडनमध्ये २०१६ पासून काही मार्ग शुक्रवार-शनिवारी रात्रभर चालतात, बाकी दिवशी नाही.

‘शेवटची गाडी साडेबाराला’ हे वाक्य अर्धवट असतं. साडेबाराला कुठून? पहिल्या स्थानकातून की तुमच्या? आणि तुम्हाला पुढे गाडी बदलायची असेल तर दुसऱ्या मार्गावरची शेवटची गाडी तोवर निघून गेलेली असू शकते. हिशेब घराकडून उलटा करायचा: घराजवळच्या मार्गावरची शेवटची गाडी बदलण्याच्या स्थानकातून कधी निघते, त्याआधी तिथे पोचायला इथून कधी निघावं लागेल. हुकलीच तर रात्रीच्या बस असतात, पण त्यांचे क्रमांक आणि थांबे बऱ्याचदा दिवसापेक्षा वेगळे असतात. लंडनमध्ये त्यातल्या बऱ्याच बसच्या आकड्याआधी ‘एन’ लावलेलं असतं आणि पुष्कळ बस ट्रफाल्गर स्क्वेअरवरून जातात. घराकडे जाणाऱ्या रात्रीच्या बसचा क्रमांक आणि थांबा दिवसाउजेडीच बघून फोनमध्ये टिपून ठेवावा, कारण रात्री दीड वाजता बॅटरी चार टक्क्यांवर असते आणि विचारायला कुणी भेटत नाही.